बावीस किलोबाइटांतील आठ दीर्घिका

संगणकावरचे खेळ म्हटले की आपल्यापैकी बहुतेक शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडतात. ही नाराजी अगदीच अनाठायी नाही. मुलांचा वेळ जातो, डोळे थकतात, अभ्यास मागे पडतो, हे आपण सारेच पाहतो. परंतु खेळ खेळणे वेगळे आणि खेळ बनवणे वेगळे. बनवणाऱ्याला भूमिती लागते, गतिशास्त्र लागते, अंकगणित लागते. शिवाय हाती असलेल्या तुटपुंज्या साधनांत काम भागवण्याची हिकमतही लागते. विज्ञानाच्या शिक्षकाला याहून अधिक काय हवे?

या लेखात आपण अशाच एका खेळाच्या घडणीचा इतिहास पाहणार आहोत. खेळाचे नाव ‘एलीट’. तो इंग्लंडमध्ये सप्टेंबर १९८४ मध्ये बाजारात आला. आज एखादा मोठा व्हिडिओ गेम तयार करण्यासाठी शेकडो माणसे काही वर्षे खपत असतात. एलीट मात्र केवळ दोघांनी लिहिला, आणि ते दोघेही तेव्हा महाविद्यालयात शिकत होते. त्यांच्यापाशी ना कार्यालय होते, ना भांडवल. होता तो एक घरगुती संगणक, आणि त्या संगणकाची स्मृती आजच्या एका छायाचित्रालाही पुरणार नाही एवढी. त्या जागेत त्यांनी आठ दीर्घिका आणि दोन हजारांवर ग्रह बसवले. ते कसे बसवले, हे समजून घेण्यासाठी शालेय गणिताच्या पलीकडे फारसे काही लागत नाही.

नाण्याचे गणित

संगणकीय खेळांची सुरुवातच मुळी लहान गटांच्या हौसेतून झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६२ साली स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा दोन अंतराळयानांच्या लढाईचा खेळ लिहिला. त्याला ना किंमत होती, ना प्रकाशक.

पुढे १९७०च्या दशकात खेळ नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांत शिरले, आणि त्यांचे स्वरूप बदलले. १९७८ साली जपानमध्ये आलेला ‘स्पेस इनव्हेडर्स’ हा त्यांतला गाजलेला खेळ. अशा यंत्राच्या मालकाचा फायदा कशात? एका खेळाडूने एका नाण्यात तासभर खेळू नये, यात. म्हणून खेळाडूला तीन ‘जीव’ द्यायचे, खेळ भराभर अवघड करत न्यायचा, काही मिनिटांत संपवायचा आणि गुणसंख्या दाखवून पुन्हा नाणे टाकायचा मोह घालायचा, अशी रचना रूढ झाली. थोडक्यात, खेळाचा आकार धंद्याच्या गणिताने ठरवला.

१९८०च्या सुमारास संगणक घराघरांत येऊ लागले. तेथे नाणे टाकायचा प्रश्नच नव्हता. तरीही घरगुती खेळ त्याच साच्यातून निघत राहिले: तीन जीव, काही मिनिटे, गुणसंख्या. कारण संपले तरी रूढी उरते, ही गोष्ट समाजात जशी दिसते तशी तंत्रज्ञानातही दिसते. एलीटच्या कर्त्यांचे पहिले श्रेय हे, की त्यांनी या रूढीचे कारण विचारले.

दोन विद्यार्थी आणि एक यंत्र

डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल हे दोघे केंब्रिज विद्यापीठातील जीझस कॉलेजचे विद्यार्थी. बेल गणिताचा, ब्रेबेन निसर्गविज्ञानाचा. ब्रेबेनकडे ‘ॲटम’ नावाचा लहान संगणक होता आणि त्यावर त्रिमित आकृत्या फिरवून दाखवण्याचा उद्योग त्याने केला होता. बेलने ‘फ्रीफॉल’ नावाचा एक खेळ आधीच लिहिला होता, आणि तो प्रकाशितही झाला होता. दोघांची गाठ पडली आणि काम सुरू झाले.

त्यांनी निवडलेले यंत्र होते ‘बीबीसी मायक्रो’. याचीही थोडी हकिगत सांगायला हवी. ब्रिटनच्या नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेने, म्हणजे बीबीसीने, लोकांना संगणकाची ओळख करून देण्याचा मोठा उपक्रम आखला. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांसोबत लोकांच्या हाती एक यंत्रही असावे, असे ठरले. हे काम केंब्रिजच्या एकॉर्न या लहान कंपनीला मिळाले. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांचा या यंत्राच्या रचनेत मोठा वाटा होता. १९८१च्या अखेरीस यंत्र बाजारात आले आणि ब्रिटनच्या असंख्य शाळांत पोचले. त्याचे एक वैशिष्ट्य शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. बटण दाबताच पडद्यावर बेसिक ही भाषा हजर होई आणि यंत्र आज्ञेची वाट पाहत थांबे. म्हणजे वापरणाऱ्याने काहीतरी लिहावे, हीच त्या यंत्राची पहिली अपेक्षा होती.

त्याची ‘ब’ आवृत्ती ३९९ पौंडांना मिळे. सामान्य ब्रिटिश कुटुंबाला ही रक्कम लहान नव्हती. एलीटची कथा सांगताना केवळ बुद्धिमत्तेचे गोडवे गाणे म्हणून बरे नाही. घरी यंत्र असणे, ते तासन्‌तास आपल्याच ताब्यात असणे आणि चुका करायला मोकळीक असणे या गोष्टीही या यशाच्या भांडवलात मोजल्या पाहिजेत.

जागेची चणचण

बीबीसी मायक्रोची स्मृती ३२ किलोबाइट होती. एक बाइट म्हणजे आठ बिट, आणि एका बाइटात ० ते २५५ यांपैकी एक संख्या मावते. या ३२ किलोबाइटांतून पडद्यावरील चित्रासाठी जागा काढायची, यंत्राच्या स्वतःच्या कारभारासाठी काढायची, आणि उरलेल्या सुमारे २२ किलोबाइटांत संपूर्ण खेळ बसवायचा. ही जागा किती लहान? आपण वाचत असलेला हा लेख देवनागरीत आजच्या पद्धतीने साठवला, तर त्यातील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. तेवढ्या जागेत हा लेख जेमतेम निम्मा मावेल.

पडद्याचा हिशेब पाहू. आडवे ३२० आणि उभे २५६ ठिपके असलेले काळे-पांढरे चित्र साठवायला प्रत्येक ठिपक्यास एक बिट लागतो. म्हणजे ३२० × २५६ ÷ ८ = १०,२४० बाइट, बरोबर दहा किलोबाइट. ब्रेबेन आणि बेल यांनी चित्राची रुंदी ३२० वरून २५६ ठिपक्यांवर आणली आणि उंचीही थोडी कमी केली. त्यामुळे चित्र आठ किलोबाइटांच्या आत आले. याचा दुसरा फायदा अधिक मोठा होता. रुंदी २५६ असली की कोणत्याही ठिपक्याचा आडवा निर्देशांक ० ते २५५ यांत असतो, म्हणजे तो एकाच बाइटात मावतो! ३२० साठी दोन बाइट लागले असते आणि प्रत्येक रेघ काढताना दुप्पट काम पडले असते.

पडद्याच्या खालच्या भागात इंधन, वेग, तापमान दाखवणारा फलक रंगीत हवा होता. रंग घेतले तर त्याच जागेत रेखीवपणा निम्म्यावर येतो. वर रेखीव काळे-पांढरे आणि खाली चौरंगी, असे दोन्ही एका पडद्यावर दाखवण्याची सोय यंत्रात नव्हती. मग त्यांनी एक युक्ती केली. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ५० वेळा वरून खाली रेखले जाते. रेखणे फलकापर्यंत आले की यंत्रातील घड्याळाने इशारा द्यायचा आणि त्या क्षणी पडद्याची पद्धत बदलायची. पुढचे चित्र सुरू होताना पुन्हा पहिली पद्धत आणायची. सेकंदाला ५० वेळा हा बदल होई आणि पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नसे.

बेरजेतून उगवणारे ग्रह

आता मुख्य करामत. खेळ असा, की आपल्याकडे एक यान आणि १०० मुद्रा आहेत. एका ग्रहावर माल घ्यायचा, दुसऱ्यावर विकायचा, वाटेत चाच्यांशी सामना करायचा, आणि मिळालेल्या पैशातून यान सुधारायचे. शेतीप्रधान ग्रहावर धान्य स्वस्त, उद्योगप्रधान ग्रहावर यंत्रे स्वस्त. बेकायदा मालात नफा जास्त, पण पोलीस मागे लागतात. कुठे जायचे, सचोटीने वागायचे की नाही, हे सारे खेळाडूने ठरवायचे. असा खेळ रंगायचा तर जग मोठे हवे. एलीटमध्ये आठ दीर्घिका आहेत आणि प्रत्येकीत २५६ ग्रह, एकूण २०४८. प्रत्येकाला नाव, जागा, राज्यव्यवस्था, लोकसंख्या, उद्योग आणि रहिवाशांचे वर्णन आहे. एका ग्रहाची माहिती अगदी ३० बाइटांत बसवली, तरी २०४८ × ३० = ६१,४४० बाइट, म्हणजे ६० किलोबाइट होतात. यंत्राच्या सगळ्या स्मृतीच्या जवळजवळ दुप्पट!

तेव्हा त्यांनी ग्रह साठवलेच नाहीत. ग्रह तयार करण्याची रीत तेवढी साठवली. ही रीत कोणती ते पाहू.

आपण सर्वांना एक श्रेढी माहीत आहे: १, १, २, ३, ५, ८, १३... प्रत्येक पद आधीच्या दोन पदांची बेरीज. फिबोनाचीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संख्या त्याच्या आधी विरहांक, हेमचंद्र इत्यादी भारतीय छंदःशास्त्रज्ञांनी मात्रावृत्ते मोजताना मांडल्या होत्या. नारायण पंडितांनी १३५६ साली लिहिलेल्या ‘गणितकौमुदी’त त्यापुढे जाऊन, आधीच्या तीन, चार किंवा कितीही पदांची बेरीज घेत जाणाऱ्या श्रेढींचाही विचार केला आहे. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी ही कल्पना तेथून घेतली असे मुळीच नाही. पण त्यांनी वापरलेली श्रेढी नेमकी याच कुळातली, आधीच्या तीन पदांच्या बेरजेची आहे.

पहिल्या दीर्घिकेसाठी तीन ‘बीजसंख्या’ साठवल्या आहेत: २३११४, ५८४ आणि ४६९३१. प्रत्येक संख्या १६ बिटांची, म्हणून ती ६५,५३५ च्या पुढे जाऊ शकत नाही. बेरीज त्याहून मोठी झाली तर ६५,५३६ वजा होतात, जसे घड्याळात बारानंतर पुन्हा एक वाजतो. आता पुढचे पद काढू.

२३११४ + ५८४ + ४६९३१ = ७०६२९. त्यातून ६५५३६ वजा केले की उरले ५०९३.
५८४ + ४६९३१ + ५०९३ = ५२६०८.
४६९३१ + ५०९३ + ५२६०८ = १०४६३२. ६५५३६ वजा केले की उरले ३९०९६.

या संख्यांतून ग्रहाचे नाव कसे निघते तेही पाहण्यासारखे आहे. यंत्रात दोन-दोन अक्षरांच्या जोड्यांचा एक तक्ता आहे. त्यातील जोड्यांना ० ते ३१ असे क्रमांक दिले आहेत. १३ वी जोडी ‘डि’, १९ वी ‘बे’, २३ वी ‘टि’, २४ वी ‘एड’, इत्यादी. पदाला २५६ ने भागून येणारा पूर्णांक घ्यायचा, आणि त्याला ३२ ने भागून बाकी घ्यायची. ही बाकी म्हणजे जोडीचा क्रमांक.

४६९३१ चा भागाकार १८३, आणि १८३ ला ३२ ने भागून बाकी २३: ‘टि’.
५०९३ चा भागाकार १९, बाकी १९: ‘बे’.
५२६०८ चा भागाकार २०५, बाकी १३: ‘डि’.
३९०९६ चा भागाकार १५२, बाकी २४: ‘एड’.

झाला ग्रह तयार: टिबेडिएड! पहिल्या दीर्घिकेच्या यादीतील पहिला ग्रह खरोखर याच नावाचा आहे. याच संख्यांचे इतर बिट वापरून त्याची जागा, राज्यव्यवस्था, लोकसंख्या ठरते. श्रेढी चार पायऱ्या पुढे नेली की दुसरा ग्रह येतो. सुरुवातीच्या तीन संख्या त्याच असल्यामुळे प्रत्येक वेळी, प्रत्येकाच्या यंत्रावर, तेच ग्रह त्याच क्रमाने उगवतात. हे यदृच्छेसारखे दिसते, पण यदृच्छा नव्हे. विद्यार्थ्यांना हा भेद समजावून सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

मग आठच दीर्घिका का? तीन बीजसंख्या म्हणजे सहा बाइट. पुढच्या दीर्घिकेत जाताना या प्रत्येक बाइटातील आठ बिट एका घराने डावीकडे सरकवतात, आणि डावीकडून बाहेर पडणारा बिट उजवीकडे आणून ठेवतात. ०१००१०१० चे १००१०१०० होते. आठ वेळा असे केले की मूळ बाइट परत येतो. म्हणजे आठव्या उडीनंतर खेळाडू पुन्हा पहिल्या दीर्घिकेत!

खरे तर ४८ बिटांच्या बीजांतून २ चा ४८ वा घात, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी दीर्घिका निघू शकतात. कर्त्यांना आधी तेवढ्या ठेवायच्या होत्या. प्रकाशकांनी त्यांना आवरले. इतके मोठे विश्व पाहून लोकांच्या लक्षात येईल की हे सारे यंत्राने काढलेले आहे आणि एकासारखे एक आहे, हा त्यांचा मुद्दा. तो योग्यच होता. शिवाय श्रेढी काय नाव काढील याचा नेम नसतो. एका दीर्घिकेत एका ग्रहाचे नाव इंग्रजीत अशिष्ट निघाले, म्हणून ती अख्खी दीर्घिका टाकून द्यावी लागली. यंत्र संख्या देते, निवड माणसालाच करावी लागते.

फिरणारी याने

एलीटमधली याने केवळ रेघांची आहेत, पण ती त्रिमित आहेत. ती वळतात, जवळ येतात, दूर जातात. यासाठी पुष्कळ गुणाकार करावे लागतात. गंमत अशी, की या संगणकाच्या ६५०२ नावाच्या मायक्रोप्रोसेसरला गुणाकाराची आज्ञाच नव्हती! बेरीज, वजाबाकी आणि बिट सरकवणे एवढेच त्याला येई. मग गुणाकार असा: १३ × ११ हवे असतील तर ११ चे ८ + २ + १ असे तुकडे पाडायचे. १३ ची दुप्पट २६, चौपट ५२, आठपट १०४. बिट एक घर सरकवला की दुप्पट आपोआप होते. १०४ + २६ + १३ = १४३.

एखादा बिंदू केंद्राभोवती फिरवायचा तर साइन आणि कोसाइन लागतात. पण कोन फार लहान असला, तर साइन जवळजवळ कोनाएवढा आणि कोसाइन जवळजवळ १ असतो. तेव्हा क्ष मध्ये ‘कोन गुणिले य’ मिळवायचे आणि य मधून ‘कोन गुणिले क्ष’ वजा करायचे, की झाले. यात एक सूक्ष्म खाच आहे. दोन्ही वेळा जुनाच क्ष वापरला, तर बिंदू दर वळणाला केंद्रापासून किंचित दूर सरकतो आणि वर्तुळाऐवजी सर्पिल तयार होते. य काढताना नुकताच मिळालेला नवा क्ष वापरला, तर बिंदू वर्तुळाच्या अगदी जवळपास राहतो. ही युक्ती मार्व्हिन मिन्स्की या संगणकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. एलीटमध्ये ती वापरली आहे. तरीही बारीक चुका साठत जातातच. म्हणून मधून मधून यानाच्या तिन्ही दिशा पुन्हा एकमेकींना काटकोनात आणून ठेवण्याचे कामही प्रोग्रॅम करतो.

यानाच्या मागच्या बाजूच्या रेघा दिसता कामा नयेत. त्यासाठी प्रत्येक पृष्ठभागाला लंब असलेली दिशा आणि आपल्या दृष्टीची दिशा यांतील कोन पाहायचा. पृष्ठभाग आपल्याकडे तोंड करून असेल तर त्याच्या कडा काढायच्या, नसेल तर सोडायच्या. खडूंचे खोके हातात धरून पाहा. सहापैकी एकावेळी जास्तीत जास्त तीनच बाजू दिसतात, आणि बारा कडांपैकी नऊच. ही रीत फक्त खाचा नसलेल्या, बहिर्वक्र आकारांना लागू पडते. म्हणून याने तशाच घडणीची ठेवली.

काढलेली रेघ पुसायची कशी? तीच रेघ पुन्हा काढून. ठिपका ० असेल तर १ करायचा आणि १ असेल तर ०, असा नियम ठेवला, की दुसऱ्यांदा काढलेली रेघ पहिलीला पुसते आणि मागचे चित्र जसेच्या तसे राहते. दिव्याचे बटण दोनदा दाबावे तसे.

नकार आणि स्वीकार

काम आकाराला येत असताना दोघांनी ते थॉर्न ईएमआय या मोठ्या कंपनीला दाखवले. कंपनीने नकार दिला. खेळ दहाएक मिनिटांत संपावा, तीन जीव असावेत, गुणसंख्या असावी, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे नाण्याचे जुने गणितच पुन्हा आडवे आले. हा नकार आज हास्यास्पद वाटतो. पण त्या काळी अनुभव त्यांच्याच बाजूने बोलत होता. तासन्‌तास चालणारा, मधेच थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे नेता येणारा, विजयाची ठरीव व्याख्या नसलेला असा खेळ घरगुती संगणकावर चालेल, याला फारसा पुरावा नव्हता.

मग ते केंब्रिजमधल्याच एकॉर्नसॉफ्टकडे गेले. बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या कंपनीची ही प्रकाशन शाखा. तेथील लोकांना आपल्या यंत्राच्या मर्यादा नेमक्या ठाऊक होत्या. त्यामुळे आपण पाहतो आहोत ते या यंत्रावर अशक्यप्राय आहे, हे त्यांच्या चटकन लक्षात आले. खेळ स्वीकारला गेला. शेवटच्या टप्प्यातही काम सरले नव्हते. आजूबाजूची याने दाखवणारा लंबवर्तुळाकार त्रिमित नकाशा उशिरा सुचला, आणि त्यासाठी तयार काम पुन्हा उचकटावे लागले. सुमारे दोन वर्षांच्या खटपटीनंतर सप्टेंबर १९८४ मध्ये खेळ प्रसिद्ध झाला. पेटीत एक जाड पुस्तिका आणि रॉबर्ट होल्डस्टॉक या लेखकाने लिहिलेली एक लघुकादंबरीही होती. रेघांच्या यानांना अर्थ देण्याचे काम या शब्दांनी केले.

दोघांनी खेळाचे हक्क स्वतःकडे राखले होते, हेही महत्त्वाचे. त्यामुळे इतर संगणकांवरील आवृत्त्यांसाठी त्यांना स्वतंत्र करार करता आले आणि खेळ अनेक यंत्रांवर गेला. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ब्रेबेन यांनी १९९४ साली स्वतःची कंपनी काढली. तिच्या ‘एलीट डेंजरस’ या २०१४ सालच्या खेळात सुमारे ४० हजार कोटी तारकामंडले आहेत. तो मात्र दोघांनी नव्हे, मोठ्या संघाने बनवला. बेल यांनी मूळ खेळाचे साहित्य आपल्या संकेतस्थळावर अभ्यासकांसाठी खुले केले. त्यामुळेच आज आपल्याला टिबेडिएडचे गणित कागदावर करून पाहता येते.

तेच यंत्र आपल्याकडे

या कथेचा एक धागा थेट आपल्या शाळांपर्यंत येतो. १९८४-८५ साली, म्हणजे एलीट बाजारात आला त्याच सुमारास, भारत सरकारने ‘क्लास’ या नावाने शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात देशातील सुमारे अडीचशे शाळा निवडल्या होत्या, आणि त्यांना देण्यात आलेले यंत्र होते हेच बीबीसी मायक्रो! तोच मायक्रोप्रोसेसर, तेच बेसिक. पण एका शाळेत यंत्रे मोजकीच आणि मुले शेकडो. मुलाला यंत्रासमोर बसायला किती मिनिटे मिळणार, आणि चूक करून पाहायला किती? यंत्र आले, पण यंत्राबरोबर लागणारा मोकळा वेळ आला नाही.

ब्रिटननेही पुढे हे गमावले. संगणक सोपे झाले, सजले, आणि शाळांतून संगणक शिकवणे म्हणजे पत्र टंकणे आणि तक्ते भरणे, असे होऊन बसले. विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांची तयारी घसरली आहे, असे केंब्रिजमधील काही जणांच्या लक्षात आले. त्यातून ‘रास्पबेरी पाय’ ही संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांत डेव्हिड ब्रेबेन होते. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी या संस्थेचा ३५ डॉलरचा, पत्त्याएवढा संगणक विक्रीला आला. त्याच्या ‘ए’ आणि ‘बी’ या नमुन्यांची नावे बीबीसी मायक्रोवरूनच घेतली होती. त्याच वर्षी जानेवारीत रॉयल सोसायटीने शाळांतील संगणक शिक्षणावर कडक टीका करणारा अहवाल प्रसिद्ध केला. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडच्या अभ्यासक्रमात प्रोग्रॅमिंग परत आले. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक शाळेपूर्वीच्या इयत्तांपासून कोडिंगचा उल्लेख केला आहे. धोरणात शब्द आला, हे चांगलेच. मात्र १९८४ चा अनुभव विसरून चालणार नाही. तयार खेळ आणि तयार आज्ञावल्या मुलांच्या हाती देऊन धडा उरकला, तर यंत्रे कितीही वेगवान असोत, आपण पुन्हा तेथेच येऊन थांबू.

वर्गात करून पाहण्यासाठी

वरीलपैकी पुष्कळसे संगणकाविना करता येते. दोन अक्षरांच्या ३२ जोड्यांचा मराठी तक्ता मुलांनी स्वतः बनवावा: ‘सोन’, ‘गिरी’, ‘वाडी’, ‘पूर’ असे गावांच्या नावांचे तुकडे घेतले तरी चालतील. तीन लहान बीजसंख्या निवडाव्यात, तीन पदांच्या बेरजेची श्रेढी काढावी, १०० पेक्षा मोठी बेरीज झाल्यास १०० वजा करत जावे, आणि ३२ ने भागून येणाऱ्या बाकीवरून गावांची नावे तयार करावीत. दोन गटांनी एकाच बीजापासून सुरुवात केली तर नावे सारखीच येतात, आणि एका गटाची बेरीज चुकली तर तेथून पुढचा सगळा नकाशाच बदलतो. ही चूक नेमकी कोठे झाली हे शोधणे, हा प्रोग्रॅम लिहिण्याचा पहिला धडा.

वरच्या वर्गांनी आलेखाच्या कागदावर मिन्स्कीची युक्ती करून पाहावी. कोन ०.१ घेतला तर सुमारे ६३ पायऱ्यांत फेरी पूर्ण होते. अर्ध्या वर्गाने जुना क्ष वापरावा, अर्ध्याने नवा. सर्पिल आणि वर्तुळ शेजारी शेजारी ठेवले, की एका बारीकशा बदलाचे मोल मुलांना सांगावे लागत नाही.

आणि एखादा विद्यार्थी खेळात गुंगलेला सापडला, तर त्याला रागावण्याआधी एक प्रश्न विचारून पाहावा: ‘यातला ग्रह पडद्यावर येण्याआधी कुठे होता रे?’ उत्तर त्याला येणार नाही कदाचित. पण शोधावेसे वाटले, तर त्याच्यासाठी वही, पेन्सिल आणि तीन संख्या पुरेशा आहेत.